एक्स्टेंशनची वायर : कारखान्यात व घरात घ्यावयाची खबरदारी

पुण्याच्या गंज पेठ, मोमीनपुरा, घोरपडे पेठ, नाना पेठ, भवानी पेठ या भागांत, तसेच कॅम्प आणि कोंढव्यात आपल्या पुष्कळ कारागीर बांधवांचे घर आणि काम एकाच छपराखाली चालते. खाली शिलाईच्या मशिनी, वर बिऱ्हाड. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर. आणि अनेकदा दोन्हींना मीटर एकच. नवी मशीन घ्यायची झाली तर आपण चार दुकाने फिरतो, जाणत्या उस्तादाला सोबत नेतो, मोटार चालवून आवाज ऐकतो. त्या मशिनीला वीज पोचविणारी वायर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात "पाच मीटर द्या" एवढेच सांगून आणली जाते. तिची जाडी किती, आत तांबे आहे की आणखी काही, ती किती भार सोसेल, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विजेच्या साऱ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि आगीला सर्वांत जवळची वस्तूही हीच. ती कशी पारखावी, कशी वापरावी आणि केव्हा फेकून द्यावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

"शॉर्टसर्किट झाले" म्हणजे काय झाले?

३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे कोंढव्यातील एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. दाराला बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ रोजी पहाटे पुणे-सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची येथे कापडाच्या एका दुकानाला आग लागून आत झोपलेले पाच कामगार गेले. तेथेही दार बाहेरून बंद होते. दोन्ही ठिकाणी आगीचे पहिले कारण म्हणून शॉर्टसर्किटचेच नाव पुढे आले. मार्च २०२१ मध्ये कॅम्पातील फॅशन स्ट्रीटवर शेकडो दुकाने एका रात्रीत जळाली, आणि मे २०२३ मध्ये भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये लाकडाची गोदामे जळाली. कापड, लाकूड, पुठ्ठा, तूप-तेल हा ज्यांच्या धंद्याचा माल, त्यांच्याकडे ठिणगी पडल्यावर विचार करायला वेळ उरत नाही, हे या घटनांवरून कळते.

शॉर्टसर्किट हा शब्द आपण नशिबासारखा वापरतो. जणू ते आकाशातून पडते. प्रत्यक्षात ते एखाद्या लांबलेल्या दुखण्याच्या शेवटासारखे असते. विजेच्या दोन तारा, फेज आणि न्यूट्रल, एकमेकींपासून प्लॅस्टिकच्या वेष्टणाने वेगळ्या ठेवलेल्या असतात. वायर पुन्हापुन्हा तापली की हे वेष्टण आधी मऊ पडते, मग कडक होते, मग त्याला तडे जातात. एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना टेकतात आणि ठिणगी उडते. या अखेरच्या क्षणाआधी वायर कित्येक महिने तापत असते. प्लग गरम लागतो, पिन काळी पडते, सॉकेटजवळ जळका वास येतो, दिवा लुकलुकतो. इशारा मिळालेला असतो. तो ओळखला गेलेला नसतो.

वायर तापते कशी?

प्रत्येक उपकरणावर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला २३० ने भागले की ते साधारण किती अँपिअर वीज ओढते ते कळते. शिलाई मशिनीची लहान मोटार शंभर वॉटच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. एक हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरहून थोडे जास्त घेते. पंधराशे वॉटची पाणी तापविण्याची सळई किंवा किटली साडेसहा अँपिअर घेते, आणि दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर दोन इस्त्र्या लावल्या म्हणजे त्या बोर्डच्या वायरीतून गीझरइतकीच वीज जाते, मग बोर्डवर सॉकेट चार असोत की सहा.

येथे एक नियम ध्यानात ठेवावा. वायरीतून जाणारी वीज दुप्पट झाली तर वायरीत निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वीज गेली तर नऊपट. म्हणूनच एका इस्त्रीला वर्षानुवर्षे पुरलेली वायर दुसरी इस्त्री लावताच काही दिवसांत कडक होऊन तडकते. "आजवर काही झाले नाही" हा हिशेब भार वाढला की लागू पडत नाही.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सुरू होताना मोटार काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट वीज ओढते. ग्राइंडर, लाकूड कापण्याची मशीन, बेकरीतील कणीक मळण्याची मशीन लांब आणि बारीक वायरीवर चालविली तर सुरू होताना तिला पुरेसा दाब मिळत नाही. ती घुरघुरते, उशिरा वेग घेते आणि तेवढा वेळ मोटार व वायर दोन्ही तापतात. वाइंडिंग जळाल्याचा दोष मोटारीला दिला जातो, परंतु पुष्कळदा दोषी वायर असते.

जाडीचा हिशेब

बाजारात वायरीची जाडी दोन पद्धतींनी सांगतात. जुनी पद्धत चौदा-शहात्तर, तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर अशी आहे. पहिला आकडा आतील बारीक तारांची संख्या, आणि शहात्तर म्हणजे प्रत्येक तारेची जाडी, इंचाच्या दहा हजार भागांपैकी शहात्तर भाग. नवी पद्धत चौरस मिलिमीटरची असून तो आकडा वायरीवरच छापलेला असतो. चौदा-शहात्तर म्हणजे सुमारे ०.४ चौरस मिलिमीटर, तेवीस-शहात्तर म्हणजे पावणेएकच्या जरा आत आणि चाळीस-शहात्तर म्हणजे एकच्या थोडे वर.

चांगल्या तांब्याची लवचीक वायर साधारणपणे पुढीलप्रमाणे भार सोसते :

०.५ चौ. मि.मी. : ४ अँपिअर. दिवा, चार्जर, रेडिओ, टेबल पंखा.
०.७५ चौ. मि.मी. : ७ अँपिअर. मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, एक घरगुती इस्त्री.
१ चौ. मि.मी. : ११ अँपिअर. कारखान्यातील इस्त्री, ड्रिल, लहान ग्राइंडर.
१.५ चौ. मि.मी. : १४ अँपिअर. पाणी तापविण्याची सळई, गीझर, हीट प्रेस.
२.५ चौ. मि.मी. : १९ अँपिअर. मोठी मोटार, लांबवर न्यायची एक्स्टेंशन.

हे आकडे मोकळ्या हवेतील, नव्या आणि अस्सल तांब्याच्या वायरीचे आहेत. काठोकाठ भार टाकू नये. एक पायरी वरचीच वायर घ्यावी. दहा मीटरपेक्षा लांब न्यायची असेल तर आणखी एक पायरी वर जावे. वेल्डिंगचे मशीन, मोठा ओव्हन, एअर कंडिशनर ही साधने एक्स्टेंशनवर चालविण्याची नाहीतच. त्यांना बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्यावी.

"एम.सी.बी. बसविली आहे, मग चिंता कसली?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दुकानदार विचारतो. एम.सी.बी. भिंतीतील वायरिंगच्या मापाने बसविलेली असते. पॉवर सॉकेटच्या लाइनवर ती बहुधा सोळा किंवा वीस अँपिअरची असते. त्या सॉकेटात चार अँपिअर सोसणारी बारीक एक्स्टेंशन लावून तिच्यावर दोन इस्त्र्या चालविल्या तर पावणेनऊ अँपिअर वीज जाते. एम.सी.बी.च्या दृष्टीने हा भार किरकोळ आहे. ती खटका पाडणार नाही. बारीक वायरीच्या दृष्टीने मात्र तो दुपटीहून अधिक आहे. म्हणजे भिंतीतील वायर सुरक्षित राहते आणि बाहेर लोंबणारी वायर भाजत राहते. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लगमध्ये लहान फ्यूज असतो, आपल्याकडील प्लगमध्ये तो नसतो. त्यामुळे लोंबत्या वायरीचे रक्षण तिची जाडी आणि आपले लक्ष या दोनच गोष्टी करतात.

काही ठिकाणी एम.सी.बी. वारंवार पडते म्हणून तिच्या जागी बत्तीसची बसवितात, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालतात. पडणारी एम.सी.बी. भार जास्त झाल्याचे सांगत असते. तिला गप्प करणे म्हणजे रखवालदाराने हाक दिली म्हणून त्यालाच कामावरून काढणे होय.

माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून तर एम.सी.बी. मुळीच वाचवीत नाही. शरीरातून गेलेली वीज अँपिअरच्या लहानशा अंशाइतकी असते आणि तेवढी जीव घ्यायला पुरते. त्यासाठी आर.सी.सी.बी. नावाचे वेगळे उपकरण येते. तीस मिलिअँपिअर वीज वाटेत कुठे गळाली की ते क्षणात पुरवठा तोडते. ज्या घरात लहान मुले आहेत आणि ज्या कारखान्यात ओल आहे, जसे मटणाचे दुकान, बेकरी, रंगकाम, गॅरेज, तेथे ते अवश्य बसवावे. त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही ते पाहावे.

जोड हीच खरी जखम

मधोमध तुटलेली वायर सोलून, दोन टोके पिळून त्यावर काळी पट्टी गुंडाळणे ही आपल्याकडील सर्रास दुरुस्ती आहे. तिच्यातील धोका हिशेबानेच पाहू. अशा ढिल्या जोडात ०.४ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा निर्माण झाला आणि त्यातून आठ अँपिअर वीज गेली, तर त्या एका जागी पंचवीस वॉटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारे आपले कारागीर पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळवितात. म्हणजे काळ्या पट्टीच्या आत एक सोल्डरिंग आयर्न गुंडाळून कापडाच्या ताग्याशेजारी ठेवल्यासारखेच झाले.

म्हणून लवचीक वायर मध्ये जोडू नये. खराब भाग टोकाजवळ असेल तर तेवढा कापून टाकावा आणि प्लग नव्याने बसवावा. मध्ये असेल तर पूर्ण वायर बदलावी. प्लग बसविताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) वेष्टण लागेल तेवढेच सोलावे. स्क्रूच्या बाहेर उघडी तार दिसता कामा नये. एकही बारीक तार मोकळी राहिली तर ती शेजारच्या पिनेला टेकू शकते.

२) सोलताना दातांचा किंवा बोथट ब्लेडचा वापर करू नये. वीसपैकी सहा तारा तुटल्या तर त्या जागी वायर तेवढी बारीक झाली.

३) तारांच्या टोकाला कथील लावून ते स्क्रूखाली दाबण्याची सवय काहींना असते. कथील मऊ असते, दाबाने हळूहळू दबत जाते आणि स्क्रू ढिला पडतो. त्याऐवजी योग्य मापाचा थिंबल दाबून बसवावा.

४) प्लगच्या आत वायर धरून ठेवणारी पट्टी असते. ती बाहेरच्या वेष्टणावर घट्ट बसली पाहिजे, म्हणजे ओढ बसली तरी ती स्क्रूवर येत नाही. ओढताना हात नेहमी प्लगवर असावा, वायरीवर नसावा.

५) लाल किंवा तपकिरी तार फेजला, काळी किंवा निळी न्यूट्रलला, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगला, म्हणजे वरच्या जाड पिनेला.

प्लग नाही म्हणून वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून त्यात आगकाडी खोचणे, हा प्रकार दुकानातील पोरे चटकन करतात. असे करताना कोणी दिसले तर त्या दिवशीच त्याला प्लग आणून द्यावा. प्लगची किंमत एका जेवणापेक्षा जास्त नसते.

तिसऱ्या पिनेचे महत्त्व

धातूचे अंग असलेल्या प्रत्येक साधनाला, म्हणजे इस्त्री, ड्रिल, ग्राइंडर, फ्रिज, कूलर, मळणीची मशीन यांना तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लागतो. आत फेजची तार सुटून धातूला टेकली, तर वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते व संरक्षक खटका पडतो. अर्थिंग नसेल तर ती वीज पुढच्या स्पर्शाची वाट पाहत धातूवर थांबते. प्लगची वरची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, कारण प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी. ती पिन कापून टाकणे, तीन पिनांच्या इस्त्रीला दोन तारांची वायर लावणे, सोळा अँपिअरचा जाड प्लग कन्व्हर्टर घालून सहा अँपिअरच्या सॉकेटात बसविणे, हे तिन्ही प्रकार बंद करावेत.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत आणखी एक गोष्ट तपासावी. पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधण्याची रीत होती. पुढे पाइप बदलून प्लॅस्टिकचे आले. तार अजून बांधलेली दिसते, परंतु ती जमिनीपर्यंत पोचत नाही. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि ते जमिनीत योग्य रीतीने नेऊन घ्यावे.

रोजच्या वापरातील चुका

गुंडाळीतली वायर : दहा मीटरच्या ०.७५ जाडीच्या वायरीतून गीझरइतकी, पावणेनऊ अँपिअर वीज गेली तर तिच्यात सुमारे चाळीस वॉट उष्णता निर्माण होते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती दहा मीटरवर विखुरते. तीच वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर जुन्या चाळीस वॉटच्या दिव्याला चिंध्या गुंडाळल्याप्रमाणे सारी उष्णता आत कोंडते. भार टाकण्यापूर्वी रीळ पूर्ण उलगडावे.

सतरंजीखालची वायर : चटई, सतरंजी, गादी किंवा कापडाच्या ढिगाखालून वायर नेऊ नये. तेथे उष्णता कोंडते आणि पायांनी चेपलेली जागा दिसतही नाही. दाराच्या फटीतून, शटरच्या खालून आणि पत्र्याच्या कडेवरून वायर नेली तर तिचे वेष्टण कापले जाते. खिळे वाकवून वायर भिंतीला ठोकू नये.

इस्त्रीची वायर : साधारण पी.व्ही.सी. वेष्टण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते, आणि इस्त्रीचा तळ त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणून इस्त्रीला सुती वेष्टणाची वायर येते. ती खराब झाल्यावर साधी प्लॅस्टिकची वायर लावू नये. काम संपल्यावर गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळून ठेवण्याची सवयही सोडावी.

बोर्डात बोर्ड : एका एक्स्टेंशनमध्ये दुसरी आणि दुसरीत तिसरी लावली की सर्वांचा भार पहिलीच्या वायरीवर पडतो आणि प्रत्येक सॉकेट हा एक जादा जोड ठरतो.

ओल : पाणी तापविण्याची सळई बादलीत ठेवल्यावर चालू करावी आणि बंद करून, प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा. मटण व मासळीच्या दुकानात, धुलाईच्या जागी एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नये, भिंतीवर उंच बसवावा.

रमजानचा बाजार : मोमीनपुऱ्यात, कौसरबागेत व कॅम्पात रमजानच्या रात्री खाद्यपदार्थांच्या आणि कपड्यांच्या तात्पुरत्या दुकानांची गर्दी असते. शेजारच्या दुकानातून वायर ओढून दिवे, पंखे, फ्रिज चालविले जातात. महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी रीतसर मिळते, ती घ्यावी. वायर तीन तारांची व दुहेरी वेष्टणाची असावी. रस्ता ओलांडायचा असेल तर गाड्यांच्या वर जाईल एवढ्या उंचीवर ती दोरीला बांधून न्यावी, म्हणजे ओढ दोरीवर राहते. लोखंडी पाइपच्या मांडवाला वायर गुंडाळू नये, आणि शेगडी व कढईच्या वरून तर मुळीच नेऊ नये. ईद झाल्यावर ती वायर उतरवून ठेवावी. तात्पुरती म्हणून आलेली वायर वर्षभर तशीच लोंबत राहते, हाच आपल्या मोहल्ल्यांतील मोठा दोष आहे.

खरेदी करताना

विजेच्या सामानासाठी पुणेकर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जातात. तेथे अस्सल माल आहे तसा नकली मालही मागणाऱ्याला मिळतो. वायर घेताना पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वायरीवर ठरावीक अंतराने छापलेला मजकूर. त्यात कंपनीचे नाव, जाडी, आय.एस.आय. चिन्ह व आय.एस. ६९४ हा मानक क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या २००३ च्या आदेशानुसार अशा वायरींना हे चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हासोबत सी.एम./एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल ॲपवर तो टाकला की परवाना कोणाचा आहे व चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्याच कळते.

दुसरी, आतील तार. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर वरून तांब्यासारखीच दिसते. एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. त्याचा विजेला होणारा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि स्क्रूखाली ते लवकर ढिले पडते. अशा वायरीचे वजनही हाताला हलके लागते.

तिसरी, तयार एक्स्टेंशन बोर्ड. त्याचा रंग, यू.एस.बी. आणि दिवे पाहण्यापेक्षा त्याच्या वायरीवर काय छापले आहे आणि बोर्डवर किती अँपिअर लिहिले आहे ते पाहावे. काहीच छापलेले नसेल तर तो मोबाइल चार्जिंगपुरताच समजावा.

चौथी, बिल. बिल घेतल्याने माल परत करण्याचा हक्क राहतो आणि पुढे विम्याचा दावा करताना ते कामास येते. जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी औजारे स्वस्त मिळतात. ती खुशाल घ्यावीत, पण जुनी औजारे आणल्यावर त्यांची वायर आणि प्लग नवे बसवूनच कामाला लावावीत.

आपले जे वाचक स्वतः हा माल विकतात, त्यांनाही एक विनंती आहे. गिऱ्हाइकाने "पाच मीटर द्या" म्हटले की "कशाला लावायची आहे?" एवढा प्रश्न विचारावा. कराचीत जन्मलेले प्रल्हाद छाब्रिया यांनी पुण्यात विजेच्या सामानाचे छोटे दुकान चालविले आणि १९५८ साली भावासोबत फिनोलेक्सचा कारखाना उभा केला. सुरुवात मोटारगाड्यांना लागणाऱ्या पी.व्ही.सी. वायरींपासून झाली. गाडीतील वायर उष्णता, तेल आणि हादरे सोसणारीच लागते. तेथे गिऱ्हाइकाची गरज ओळखल्यावाचून माल खपत नाही. वायरीच्या धंद्याची घडी या शहरात अशी बसलेली आहे. गिऱ्हाइकाला योग्य जाडीची वायर देणारा दुकानदार चार पैसे जास्त घेतो आणि ते गिऱ्हाईक कायमचे बांधून ठेवतो.

महिन्याची तपासणी

महिन्यातून एक दिवस ठरवावा आणि दहा मिनिटे द्यावीत. भार चालू असताना अर्ध्या तासाने प्लगच्या प्लॅस्टिकला व वायरीला हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागणे चालेल. हात ठेववत नसेल तर ती वायर त्याच वेळी बंद करावी. मग मेन स्विच बंद करून प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवावी. चेपलेली, कडक झालेली, चिकट किंवा तडे गेलेली जागा हातालाच कळते. प्लगच्या पिना काळ्या पडल्या आहेत का, सॉकेटमध्ये प्लग हलतो का, उंदरांनी कुरतडले आहे का, तेही पाहावे. काही चालू नसताना जळक्या मासळीसारखा वास येत असेल तर कुठेतरी सॉकेट भाजत आहे असे समजावे. नवी वायर आणली की प्लगवर रंगाने खरेदीचा महिना व वर्ष लिहून ठेवावे. खराब वायर फेकताना प्लग कापून टाकावा, नाहीतर दुसरे कोणी ती उचलून लावते.

कारखान्यात तपासणीचे काम एकाच माणसाकडे सोपवावे. शागीर्द पोरांना इस्त्री किंवा ड्रिल हातात देण्याआधी प्लग धरण्याची रीत शिकवावी.

प्रसंग आलाच तर

विजेमुळे आग लागली तर प्रथम मेन स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी मारू नये. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ ठेवावे. आतल्या कोपऱ्यात ठेवलेले नळकांडे आगीच्या पलीकडे राहते. १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. धूर भरू लागला तर माल सोडून बाहेर पडावे. बंद खोलीत माणूस ज्वाळेआधी धुराने गुदमरतो.

कोणाला विजेने धरले तर त्याला हात लावू नये. आधी वीज बंद करावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या लाकडी दांडक्याने त्याला वायरीपासून दूर करावे. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने व वेगाने दाब देत राहावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. धक्का बसून माणूस शुद्धीवर आला, तरी डॉक्टरांना दाखवावे.

ज्या मालकांकडे कामगार रात्री दुकानात किंवा बेकरीत झोपतात, त्यांनी दार बाहेरून बंद करू नये. चावी आत असावी, बाहेर पडायला दुसरी वाट असावी आणि तिच्यासमोर मालाचे गठ्ठे रचू नयेत. रात्री दुकान बंद करताना फ्रिजसारखी आवश्यक लाइन सोडून बाकीचा पुरवठा मेनवरच तोडावा. कोंढवा आणि उरुळी देवाची येथील अकरा कामगारांना बाहेर पडायला दार उघडे मिळाले नाही. हे दोन उपाय करायला एक रुपयाही लागत नाही. ते आज रात्रीपासूनच सुरू करावेत. वायरींची तपासणी या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी करावी, आणि सुरुवात इस्त्रीच्या प्लगपासून करावी.